तीनशे केंद्रांतून पाच : परत न ठेवता केलेल्या निवडीची संभाव्यता आणि व्हीव्हीपॅट पडताळणी

शेषफल (धागाकर्ता)

मतमोजणीची शेवटची फेरी संपली की प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच मतदान केंद्रे चिठ्ठ्या काढून निवडली जातात. त्या केंद्रांवरील व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची स्लिप छापणाऱ्या यंत्राच्या, कागदी स्लिपा हाताने मोजून मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटमधील (मते साठवणाऱ्या भागातील) आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. पूर्वी ही पडताळणी मतदारसंघातील एकाच केंद्रापुरती होत असे. एकवीस विरोधी पक्षनेत्यांनी पन्नास टक्के केंद्रांची मागणी करणारी याचिका केली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाऐवजी पाच केंद्रे ठरवली. देशभरातील पडताळणीची संख्या त्यामुळे ४,१२५ वरून २०,६२५ वर गेली.

यंत्रे विश्वासार्ह आहेत की नाहीत, हा वाद या धाग्यावर कृपया नको. त्यासाठी इतर धागे भरपूर आहेत. मला येथे केवळ निवडीचे गणित मांडायचे आहे, कारण बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही या पाच या आकड्याला जे बळ किंवा जो दुबळेपणा चिकटवतात, तो बहुधा हिशोब न करता चिकटवलेला असतो.

उदाहरणासाठी एका मतदारसंघात ३०० केंद्रे आहेत असे धरू. त्यांपैकी सहा केंद्रांवर, म्हणजे दोन टक्क्यांवर, स्लिपा आणि यंत्र यांचे आकडे जुळत नाहीत असे समजू. कारण काहीही असो. पाच केंद्रांच्या निवडीत या सहांपैकी एक तरी येण्याची संभाव्यता किती?

‘एक तरी’ असा प्रश्न आला की तो उलट बाजूने सोडवणे सोपे जाते. तीनशेंतून पाचांचा गट १,९५८ कोटी २८ लाख ३७ हजार ५६० प्रकारे निवडता येतो. सहाही केंद्रे वगळून उरलेल्या २९४ मधून पाचांचा गट १,७६८ कोटी ९१ लाख ७३ हजार ५५८ प्रकारे निवडता येतो. सोडत प्रामाणिक असेल तर प्रत्येक गट सारखाच संभवनीय असतो, म्हणून दुसऱ्या संख्येला पहिलीने भागले की काहीच न सापडण्याची संभाव्यता मिळते. ती ०.९०३३ आहे. एवढ्या मोठ्या संख्या हाताळायच्या नसतील तर एकेक चिठ्ठी काढल्याप्रमाणे गुणाकार करावा : (२९४ × २९३ × २९२ × २९१ × २९०) ÷ (३०० × २९९ × २९८ × २९७ × २९६). उत्तर तेच येते, आणि वर-खाली एकेक आकडा का कमी होत जातो हेही त्यातून दिसते, कारण काढलेली चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही.

म्हणजे विसंगती सापडण्याची संभाव्यता ९.६७ टक्के. दहा वेळा अशी परिस्थिती उद्भवली तर साधारण नऊ वेळा पाचही केंद्रे स्वच्छ निघतील. नेमके एक दोषी केंद्र सापडण्याची संभाव्यता ९.३४ टक्के आणि दोन किंवा अधिक सापडण्याची जेमतेम ०.३३ टक्के आहे. दोषी केंद्रे तीसपर्यंत वाढली, म्हणजे दर दहा केंद्रांमागे एक बिघडलेले असले, तरी शोध लागण्याची संभाव्यता ४१.२ टक्केच होते. साठ झाली की ६७.५ टक्के.

यावरून ‘पाच केंद्रांचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. तो का काढू नये, हीच चर्चा व्हावी असे मला वाटते.

वैनगंगा

मांडणी स्वच्छ आहे, आवडली. माझ्या दोन शंका आहेत.

पहिली अशी की एवढा खटाटोप न करता ०.९८ ही संख्या पाच वेळा गुणली असती तर? माझ्या कॅल्क्युलेटरवर ०.९०३९ येते, म्हणजे सापडण्याची संभाव्यता ९.६१ टक्के. तुमच्या उत्तरात आणि यात नाव घेण्याजोगा फरक नाही. मग परत ठेवले की नाही ठेवले, याने काय बिघडते?

दुसरी शंका टक्केवारीची. तीनशेंतून पाच म्हणजे १.६७ टक्के केंद्रे. माझ्या मतदारसंघात चारशेच्या आसपास केंद्रे असतील, तेथे हेच प्रमाण १.२५ टक्के होते. म्हणजे मोठ्या मतदारसंघांची तपासणी जास्त ढिली होते, असे नाही का?

शेषफल

वैनगंगाताई, दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. दोन टक्के दोषाचे गृहीतक कायम ठेवून केंद्रांची संख्या बदलून पाहा. २०० केंद्रांत चार दोषी असतील तर पाचांच्या निवडीत शोध लागण्याची संभाव्यता ९.७० टक्के येते, ३०० मध्ये सहा असतील तर ९.६७, आणि ४०० मध्ये आठ असतील तर ९.६५. मतदारसंघ दुप्पट झाला आणि फरक अर्ध्या दशांश टक्क्याचा पडला. नमुना समष्टीच्या (म्हणजे ज्यांतून निवडायचे त्या सगळ्या केंद्रांच्या) किती टक्के आहे याला जवळपास काही महत्त्व नाही. नमुन्यात प्रत्यक्ष किती केंद्रे आहेत याला आहे. ‘किमान अमुक टक्के तपासा’ ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते, पण तिच्यामुळे मोठ्या मतदारसंघात गरजेपेक्षा जास्त आणि लहान मतदारसंघात गरजेपेक्षा कमी काम होते.

आता पहिली शंका. नमुना समष्टीच्या मानाने चिमुकला असेल तर परत ठेवणे आणि न ठेवणे यांत फरक पडत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे, ०.९८ चा पाच वेळा गुणाकार हे द्विपद वितरण (परत ठेवून निवडीचे) झाले आणि मी केलेला हिशोब हायपरजॉमेट्रिक वितरणाचा (परत न ठेवता निवडीचा). फरक नमुना मोठा झाला की दिसू लागतो. समजा ३०० केंद्रांतील दोन टक्के दोष ९५ टक्के खात्रीने पकडायचा आहे. परत ठेवून निवडायचे असेल तर १४९ केंद्रे लागतात. परत न ठेवता ११७ पुरतात. बत्तीस केंद्रांचे काम वाचते, कारण एकदा तपासलेले केंद्र पुन्हा हाती लागण्यात श्रम वाया जात नाहीत आणि प्रत्येक स्वच्छ केंद्रागणिक उरलेल्या ढिगाऱ्यात दोषींचे प्रमाण वाढत जाते. सगळी ३०० तपासली तर शोध निश्चितच लागतो. परत ठेवून ३०० वेळा चिठ्ठी काढली तर तशी निश्चिती नसते.

मोजदाद

मतमोजणीच्या कामावर असलेल्यांना हे ठाऊक असेल, पण इतरांसाठी सांगतो. चिठ्ठ्या काढण्याची पद्धत आयोगाने बारकाईने ठरवून दिलेली आहे. पोस्टकार्डाच्या आकाराची पांढरी कार्डे घ्यायची, प्रत्येकावर मतदारसंघाचा आणि केंद्राचा क्रमांक काळ्या शाईने ठसठशीत लिहायचा, ती उमेदवारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना दाखवायची, आकडा दिसणार नाही अशी चार घड्या घालून डब्यात टाकायची, डबा हलवायचा आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने पाच कार्डे काढायची.

वरचे सगळे गणित ‘प्रत्येक गट सारखाच संभवनीय’ या एका वाक्यावर उभे आहे आणि ते वाक्य खरे ठरवण्याचे काम त्या घड्या आणि तो डबा करतो. एक कार्ड डब्यात गेलेच नाही, तर त्या केंद्राची संभाव्यता शून्य होते आणि कोणतेही सूत्र त्याची भरपाई करत नाही. म्हणून मतमोजणी प्रतिनिधींनी कार्डे मोजून घेणे हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. प्रत्यक्षात तोवर रात्र झालेली असते, कल स्पष्ट झालेला असतो, बाहेर गुलाल उधळला जात असतो आणि कार्डे मोजायला कोणी थांबत नाही.

चौकोन

शेषफल, तुमच्या हिशोबात चूक नाही, पण त्यातून दिसणारे चित्र अर्धवट आहे. निवडणूक आयोगाने याच प्रश्नावर भारतीय सांख्यिकी संस्थेचे मत मागवले होते. संख्याशास्त्रज्ञ राजीव करंदीकर ज्या समितीत होते त्या समितीने मार्च २०१९ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार देशातील सुमारे १०.३५ लाख केंद्रांतून यादृच्छिकपणे ४७९ यंत्रे तपासली आणि एकही विसंगती निघाली नाही, तर सदोष यंत्रांचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे असे ९९.९९३६ टक्के खात्रीने म्हणता येते. आपण तर २०,६२५ तपासतो, म्हणजे आवश्यकतेच्या त्रेचाळीस पट. मग ९.६७ टक्क्यांची भीती कशासाठी?

अरुंधती_व

चौकोन यांचा आकडा बरोबर आहे आणि तो कोणालाही पडताळता येतो : ०.९८ चा ४७९ वेळा गुणाकार केला की साधारण ०.००००६३ उरते, आणि एकातून ते वजा केले की ९९.९९३७ टक्के. (दहा लाखांतून ४७९ म्हणजे इतका लहान नमुना की परत ठेवण्या-न ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही, वैनगंगा यांचा सोपा मार्ग येथे चालतो.) शेषफल यांचा ९.६७ टक्केही बरोबर आहे. दोन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि गेली कित्येक वर्षे दोन्ही बाजू एकमेकांना दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर ऐकवत आहेत.

समितीपुढचा प्रश्न होता : ‘देशातील सगळी यंत्रे मिळून एक समष्टी धरली, तर तिच्यात दोन टक्के दोष आहे का?’ शेषफल यांचा प्रश्न आहे : ‘या एका मतदारसंघात दोन टक्के दोष आहे का?’ निवडणुकीचा निकाल मतदारसंघानुसार लागतो, देशाच्या सरासरीवर लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेले एक असेल आणि भात नीट ढवळलेला असेल तर. येथे महाराष्ट्रापुरतीच २८८ पातेली वेगवेगळ्या चुलींवर आहेत. एका पातेल्यात तळाला करपले असेल तर बाकीच्या २८७ पातेल्यांतील शिते कितीही काळजीपूर्वक चाखली तरी ते कळणार नाही.

आता दोष कसा पसरलेला आहे यावर उत्तर किती बदलते ते पाहा. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात १,००,१८६ मतदान केंद्रे होती, म्हणजे मतदारसंघामागे सरासरी ३४८. सोयीसाठी ३०० चेच उदाहरण घेऊ. दोन टक्के दोष राज्यभर सारखा पसरला असेल, तर प्रत्येक मतदारसंघात शोध न लागण्याची संभाव्यता ०.९०३३ आणि २८८ मतदारसंघांत मिळून कोठेच न लागण्याची संभाव्यता त्या संख्येचा २८८ वेळा गुणाकार. दशांशचिन्हानंतर बारा शून्ये लिहून मग पहिला अंक येतो. म्हणजे यंत्राच्या रचनेतच किंवा आज्ञावलीतच काही सामाईक दोष असेल तर तो या पडताळणीतून सुटणे व्यवहारतः अशक्य आहे. तोच दोष फक्त दहा मतदारसंघांत, प्रत्येकी सहा केंद्रांवर असेल, तर राज्यात कोठे तरी शोध लागण्याची संभाव्यता ६३.८ टक्के होते. एकाच मतदारसंघात असेल तर पुन्हा ९.६७.

म्हणून ‘पाच पुरेसे आहेत का’ या प्रश्नाला, ‘कशासाठी’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. सार्वत्रिक दोष शोधण्यासाठी पाच भरपूर आहेत. स्थानिक दोष शोधण्यासाठी अगदीच अपुरे आहेत.

चौकोन

अरुंधतीताई, सामाईक आणि स्थानिक हा भेद मला मान्य आहे. तरी एक विचारतो. प्रत्यक्षात ज्या विसंगती निघाल्या त्यांची कारणे कोणती होती? मतदान सुरू होण्यापूर्वी किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान (चाचणीपुरते मतदान, मॉक पोल) घेतात आणि नंतर तो डेटा पुसून व्हीव्हीपॅटमधील स्लिपा काढून घेतात. आंध्र प्रदेशातील मैदुकूर मतदारसंघातील एका केंद्रावर २०१९ मध्ये जी तफावत निघाली ती अभिरूप मतदानाचा डेटा न पुसल्यामुळे होती. असे विसरणे कोणत्याही मतदारसंघात, कोणत्याही केंद्रावर घडू शकते. ते एका ठिकाणी साचण्याचे कारण नाही. म्हणजे प्रत्यक्षातील चुका तुमच्या पहिल्या, पसरलेल्या प्रकारात मोडतात.

अरुंधती_व

विस्मरणाबद्दल हे बरोबर आहे. पण पडताळणी केवळ विस्मरणासाठी नसते. कोणी हेतुपुरस्सर काही केले नाही ना, हेही तिने सांगायला हवे, आणि हेतू असलेला माणूस दोष समान पसरवत बसणार नाही. असे काही घडते असे मी म्हणत नाही. तपासणीची रचना करताना सर्वांत प्रतिकूल मांडणी गृहीत धरावी लागते, एवढेच म्हणते. निवड मतदानानंतर आणि सर्वांसमक्ष होते, ती आधी कोणालाच ठाऊक नसते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. त्यामुळे ‘तपासली जाणारी केंद्रे सोडून’ दोष पेरता येत नाही. तसे करता आले असते तर संभाव्यता ९.६७ नव्हे, शून्य असती.

त्रैराशिक

मी अध्यापन करतो, त्यामुळे मुद्द्याला धरूनच एक गणिती गंमत नोंदवतो. शेषफल यांनी ‘तीनशेंतून पाच निवडले, त्यांत सहांपैकी एकही नाही’ असा हिशोब केला. भूमिका उलटवा. पाच केंद्रे आधीच ठरलेली आहेत आणि सहा दोष तीनशे केंद्रांवर यादृच्छिकपणे पडले आहेत, असे समजा. सहाही दोष उरलेल्या २९५ केंद्रांवर पडण्याची संभाव्यता (२९५ × २९४ × २९३ × २९२ × २९१ × २९०) ÷ (३०० × २९९ × २९८ × २९७ × २९६ × २९५). वर-खाली २९५ कटते आणि उरते ती अक्षरशः शेषफल यांचीच पदावली.

विद्यार्थी हे पाहून थबकतात, कारण निवडलेले आणि दोषी हे दोन गट त्यांना वेगळ्या दर्जाचे वाटतात. सूत्राला तसे वाटत नाही. तीनशेंच्या एकाच संचावर दोन उपसंच आहेत आणि त्यांचा छेद रिकामा आहे का, एवढेच विचारलेले आहे. व्यवहारातही याचा उपयोग होतो : दोन गटांपैकी जो लहान असेल त्याच्या बाजूने गुणाकार करावा. तीन दोष असतील तर पाच अपूर्णांकांऐवजी तिनांतच काम होते : (२९५ × २९४ × २९३) ÷ (३०० × २९९ × २९८), म्हणजे ०.९५०७. एकच दोषी केंद्र असेल तर गणित तोंडी होते, सापडण्याची संभाव्यता ५ ÷ ३००, म्हणजे १.६७ टक्के. वैनगंगा यांची टक्केवारी येथे, आणि फक्त येथे, थेट उत्तर म्हणून येते.

वैनगंगा

सर, हे शाळेत असे कोणी दाखवले असते तर बरे झाले असते.

आणखी एक विचारते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर राज्यात १,४४० केंद्रांची पडताळणी झाली आणि एकही विसंगती निघाली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले होते. या शून्यातून नेमके काय सिद्ध होते?

त्रैराशिक

शून्य निघाले म्हणजे दोष शून्य आहेत, असे सिद्ध होत नाही. दोषांवर वरची मर्यादा मिळते. त्यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा आडाखा आहे. नमुन्यात एकही दोष निघाला नाही तर ३ भागिले नमुन्याचा आकार ही ९५ टक्के खात्रीची मर्यादा मानावी. ३ ÷ १,४४० म्हणजे ०.२१ टक्के. एक लाख १८६ केंद्रांवर ही मर्यादा दोनशेच्या थोडी वर जाते. दोषी केंद्रे याहून जास्त असती, तर १,४४० मध्ये एकही न सापडण्याची संभाव्यता पाच टक्क्यांपेक्षा कमी असती.

राज्याची सरासरी म्हणून हा निष्कर्ष चांगलाच भक्कम आहे. मात्र ती दोनशे केंद्रे राज्यभर विखुरलेली आहेत की काही मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली आहेत, हे या शून्याला सांगता येत नाही. अरुंधती यांचा मुद्दा तेथे कायम राहतो.

मोजदाद

मला सतत खटकणारी गोष्ट अशी की मताधिक्य कितीही असो, केंद्रे पाचच. मालेगाव मध्य मतदारसंघाचा २०२४ चा निकाल १६२ मतांनी लागला. जेथे लाखभराचे मताधिक्य आहे तेथेही पाच आणि येथेही पाच.

शेषफल

मोजदाद, धाग्याचा गाभा तुम्ही दोन वाक्यांत सांगितलात. १६२ मतांचा निकाल उलटण्यासाठी ८२ मते इकडची तिकडे होणे पुरेसे आहे, आणि एवढी मते एकाच केंद्रावर सहज असतात. म्हणजे निकाल बदलू शकणाऱ्या दोषी केंद्रांची किमान संख्या एक, आणि त्रैराशिक सरांनी दाखवल्याप्रमाणे ते एक केंद्र पाचांत येण्याची संभाव्यता तीनशेंच्या मतदारसंघात १.६७ टक्के. मालेगावात तसे काही झाले असे मुळीच सुचवायचे नाही. निकाल जितका अटीतटीचा तितकी ही पडताळणी दुबळी, हे दाखवण्यासाठी तो आकडा बोलका आहे. याचिकेतील पन्नास टक्क्यांची मागणी मान्य झाली असती तरी ते एक केंद्र सापडण्याची संभाव्यता ५० टक्केच राहिली असती. उलट लाखाच्या मताधिक्यावर निकाल बदलायचा तर पन्नास हजारांवर मते फिरवावी लागतील, म्हणजे शेकडो केंद्रे दोषी असावी लागतील, आणि तेथे पाच केंद्रांतही शोध लागण्याची शक्यता दांडगी असते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून राज्यभर जी पडताळणी होते तिच्यात नमुन्याचा आकार मताधिक्यावरून ठरतो. फिलिप स्टार्क या संख्याशास्त्रज्ञाने ती पद्धत मांडली. निकाल चुकीचा असेल तर तो तसाच सुटून जाण्याची शक्यता एका ठरावीक मर्यादेखाली राहावी, एवढेच तिचे उद्दिष्ट. नमुन्यात तफावत दिसू लागली तर नमुना वाढवत नेतात, आणि तशीच वेळ आली तर संपूर्ण हस्तमोजणी. तेथे मुळात मतपत्रिका कागदी असतात, त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी येथे उचलता येणार नाही. तिच्यातील विचार मात्र उचलता येतो.

आपल्याकडे नियम एवढे सांगतो की यंत्राचा आकडा आणि स्लिपांची मोजणी यांत फरक पडला तर त्या केंद्रापुरती स्लिपांची मोजणी ग्राह्य धरायची. त्या केंद्राचा प्रश्न त्याने मिटतो. परंतु पाचांत एक दोषी निघाले ही बातमी उरलेल्या २९५ केंद्रांबद्दलही काही सांगत असते, आणि त्या माहितीचा उपयोग नियमात नाही.

चौकोन

२६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के स्लिपा मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत लेखी विनंती करून विधानसभा मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल, अशी तरतूद केली. तीनशेंच्या मतदारसंघात ती पंधरा होतात. तुमच्या सूत्राने सहा दोषी असताना पंधरांत एक तरी सापडण्याची संभाव्यता किती?

शेषफल

यादृच्छिक निवडीत २६.७ टक्के. दहा केंद्रे असती तर १८.५. पाचाचे दहा केले की संभाव्यता दुपटीच्या जरा खाली राहते, आणि नमुना जसजसा वाढतो तसतशी प्रत्येक नव्या केंद्रामागची वाढ घटत जाते. पन्नास केंद्रे तपासली तरी ६६.८ टक्केच हाती लागतात.

परंतु त्या तरतुदीत यंत्रे कोणती हे उमेदवार सांगतो, सोडत होत नाही. त्यामुळे हा आकडा तेथे लावताच येणार नाही. उमेदवाराला केंद्रनिहाय मतांचा अंदाज असतो. त्याची शंका योग्य जागी असेल तर पंधरा यंत्रे सोडतीतील शंभरांपेक्षा जास्त काम करतील, आणि शंका केवळ चडफडाटातून आलेली असेल तर काहीच करणार नाहीत. शिवाय हेतुपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून उरलेल्या यंत्रांबद्दल संभाव्यतेचे विधान करता येत नाही. संशयिताचा शोध आणि नमुना तपासणी ही दोन वेगळी कामे आहेत आणि दोन्हींना आपापली जागा आहे.

अरुंधती_व

मग श्रम तेवढेच ठेवून वाटणी बदलली तर? राज्यात आज १,४४० केंद्रे तपासली जातात. त्यांपैकी प्रत्येक मतदारसंघातून एकच केंद्र घेतले तर २८८ होतात. दोन टक्के दोष राज्यभर पसरलेला असेल तर एवढ्यानेही तो ९९.७ टक्के खात्रीने सापडतो, कारण ०.९८ चा २८८ वेळा गुणाकार ०.००३ च्या आसपास येतो. उरलेली १,१५२ केंद्रे सर्वांत कमी मताधिक्याच्या मतदारसंघांकडे वळवावीत. तेथे आणखी ११६ केंद्रे घेतली की शेषफल यांचा ११७ चा आकडा गाठला जातो, आणि असे नऊ मतदारसंघ त्यात बसतात. १०८ केंद्रे शिल्लकही राहतात. चिठ्ठ्या शेवटच्या फेरीनंतर काढतात, त्यामुळे मताधिक्य त्या वेळी ठाऊक असतेच.

शेषफल

हिशोब मी पुन्हा करून पाहिला, बरोबर आहे. एक बदल सुचवतो. दोन टक्क्यांचे गृहीतक त्या नऊ मतदारसंघांना लावू नये. प्रत्येक ठिकाणी निकाल उलटवायला किमान किती केंद्रे लागतील हे मताधिक्यावरून काढावे आणि त्यावरून नमुना ठरवावा. मालेगावसारख्या ठिकाणी उत्तर ‘एक’ येते, आणि एक केंद्र ९५ टक्के खात्रीने पकडायचे तर ३०० पैकी २८५ तपासावी लागतात. अशा मतदारसंघात सोडतीचा आग्रह सोडून सरळ सगळी केंद्रे मोजणे बरे.

मोजदाद

कागदावर हे पटते. मोजणीच्या खोलीत अडचण वेगळी आहे. स्लिपांची मोजणी जाळी लावलेल्या एकाच कक्षात, एकामागून एक होते. टेबलांवर समांतर होत नाही. पन्नास टक्के पडताळणीने निकाल पाच-सहा दिवस लांबतील, असे आयोगाने २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले होते, ते या कारणाने. अरुंधतीताईंच्या नऊ मतदारसंघांत एक कक्ष न ठेवता दहा कक्ष ठेवावे लागतील आणि शेजारच्या मतदारसंघांतील कर्मचारी तेथे आणावे लागतील. एकच केंद्र मोजायचे असल्यामुळे ते लवकर मोकळे झालेले असतील, हे मात्र खरे. पण त्यांना त्या रात्री ‘आता पलीकडच्या तालुक्यात चला’ असे सांगणारा अधिकारी कोण, तेवढे या गणितात घालायचे राहिले आहे.